खाडा

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं असतं. १९७३ पासून ते मराठी घरांत पंचांग म्हणून येतं, पण आमच्या घरी त्याचा खरा उपयोग वेगळाच. एकादशीच्या चौकोनात ‘दूध नाही’ लिहिलेलं, संकष्टीच्या चौकोनात ‘सिलिंडर लावला’, आणि कुठेकुठे नुसता ‘खा’. हा ‘खा’ म्हणजे खाडा. गैरहजेरी शाळेतली, रजा नोकरीतली, सुट्टी सगळ्यांचीच. खाडा मात्र पैशांत मोजायचा. महिनाअखेरीला दूधवाला, पेपरवाला दारात उभा राहिला की खाडे मोजायचे, दराने गुणायचे, वजा करायचे आणि उरलेले पैसे त्याच्या हातावर ठेवायचे.

माझ्या लेकीच्या नावाचे खाडेही मी एका वर्षी त्याच कॅलेंडरवर मांडले होते, हे सांगताना आता जरा ओशाळायला होतं. ती तेव्हा दोन वर्षांची होती आणि आमच्याच सोसायटीत, मागच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या पाळणाघरात जायची. मी डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून फोर्टात जायची, ती संध्याकाळी साडेसातला परत. मे महिन्यात आम्ही २५ दिवस गावी गेलो. आल्यावर मी महिन्याच्या पैशांना ३१ ने भागलं, सहा दिवसांचे पैसे पाकिटात घातले आणि काकूंना दिले. काकूंनी पाकीट उघडून बघितलं, “बरं” म्हणाल्या आणि लेकीला आत घेतलं. हिशेब चोख झाला, असं मला वाटलं.

भागाकार बरोबरच होता. फक्त तो दुधाचा होता.

खाड्याचे निदान तीन तरी प्रकार आपल्याकडे नांदतात, आणि आपण ते एकमेकांत मिसळतो. पहिला दुधाचा. आदल्या दिवशी सांगितलं की दूधवाला एक पिशवी कमी उचलतो, किंवा आपली पिशवी शेजारच्या दारात जाते. आपण घेतलं नाही, त्याचंही फारसं गेलं नाही, विषय संपला. दुसरा मेसचा. पुण्यात पेठांमधल्या मेसमध्ये जेवलेल्यांना तो पाठ असतो. एखाद-दुसरं जेवण चुकलं तर खाडा नाही; सलग काही दिवस गावी जाणार असाल आणि आधी सांगितलं असेल, तरच ते पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. कारण मेसवाल्याचं गणित सरळ आहे. एक पान कमी झालं तर चार पोळ्या आणि वाटीभर आमटी वाचते. आचाऱ्याचा पगार आणि जागेचं भाडं वाचत नाही. तिसरा प्रकार लोकलच्या पासाचा. तीन महिन्यांचा पास काढला आणि मध्ये आठ दिवस तापाने झोपलात, म्हणून खिडकीवर जाऊन आठ दिवसांचा खाडा मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. गाडी त्या आठ दिवसांत धावत होती, आपल्याला चढायची मुभा होती, आपण चढलो नाही.

पाळणाघर या तिघांत कुठे बसतं? मुलाच्या मऊ भातापुरतं ते मेस आहे. बाकी सगळं पास आहे. नव्हे, पासाहूनही घट्ट. लोकलमध्ये एक माणूस कमी झाला तर कोणाच्या लक्षात येत नाही (उलट उरलेल्यांना बरंच वाटतं). काकूंच्या बाहेरच्या खोलीत मात्र सहाच मुलं मावतात, आणि त्यातली एक जागा महिनाभरासाठी दुसऱ्याला देता येत नाही. कोणती आई आपलं पोर फक्त मे महिन्यापुरतं अनोळखी घरात सोडेल? सोडलंच, तरी ते रुळेपर्यंत आठवडा-दोन आठवडे रडणार. ते रुळलं की जूनमध्ये जुनं पोर परत येणार. म्हणून मे महिन्यातली रिकामी जागा रिकामीच राहते. ती ‘धरून ठेवलेली’ असते. काकूंचा शब्द हाच: “तुमची जागा धरून ठेवते.”

आता थोडी बेरीज-वजाबाकी करू. आकडे मी सोयीचे घेतले आहेत; आपापल्या गावचे दर घालून पाहावेत. समजा, काकूंकडे सहा मुलं आहेत आणि प्रत्येकाचे महिन्याला ४,५०० रुपये येतात. एकूण २७,०००. मदतीला एक ताई येतात, त्यांचे ८,०००. वीज, गॅस, साबण, फिनेल, खेळणी, मोडतोड मिळून २,०००. जेवणखाण दर मुलामागे ९००, म्हणजे सहा जणांचे ५,४००. हे सगळं वजा जाता काकूंच्या हाती ११,६०० उरतात. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात, आठवड्याचे सहा दिवस, याचा मोबदला तो एवढा. जागा स्वतःची असल्याने तिचं भाडं या हिशेबात धरलेलंच नाही. ते का धरत नाहीत, हाही एक प्रश्नच आहे.

मे महिना आला. दोन घरं गावी गेली आणि दोघांनीही माझ्यासारखा दुधाचा हिशेब लावून पूर्ण महिन्याचे पैसे कापले. जमा १८,०००. ताईंचे ८,००० तसेच, कारण चार मुलांनाही दुसरे दोन हात लागतातच. वीज-गॅसचे २,००० जवळजवळ तसेच. पंखा मुलं मोजून फिरत नाही. जेवणाचे मात्र १,८०० वाचले. उरले किती? ४,४००. मुलं तिसऱ्या हिश्शाने कमी झाली आणि काकूंची कमाई साठ टक्क्यांहून जास्त घसरली. ज्याच्या खर्चाचा मोठा भाग ठरलेला असतो, त्या प्रत्येक लहान धंद्याची हीच गत. वरून कापलेला प्रत्येक रुपया थेट मालकाच्या ताटातून जातो, कारण बाकीची ताटं आधीच वाढून झालेली असतात.

त्याच दोन घरांनी ‘मे महिन्याचे अर्धे’ दिले असते तर? ही पद्धत आपल्याकडे बरीच रुळलेली आहे. मग जमा २२,५०० आणि उरले ८,९००. कमाई चौथ्या हिश्शाहून थोडी कमी घटली. आणि फक्त जेवणाचे ९०० वजा करून प्रत्येकी ३,६०० दिले असते, तर काकूंच्या हाती बरोबर ११,६०० उरले असते, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. खाडा कापायचाच असेल तर तो जे खरोखर वाचलं त्याचाच, हा विचार या शेवटच्या हिशेबात आहे. ‘अर्धे’ हा तडजोडीचा आकडा आहे. दोन्ही बाजूंना तोंडपाठ राहतो आणि भांडण होत नाही, एवढाच त्याचा गुण. पण तो कमी नाही.

पालकांची बाजू नाही असं नाही. मे महिना आधीच महागडा: रेल्वेची तिकिटं, मामाकडे न्यायचे खाऊचे डबे, लग्नाचे आहेर, आणि परत येताना बांधून आणलेल्या आंब्यांची पेटी. त्यात ‘जिथे मूल गेलंच नाही’ त्या ठिकाणचे साडेचार हजार द्यायचे म्हणजे जिवावर येतं. ज्या घरात एकाच्या पगाराचा मोठा हिस्सा पाळणाघरातच जातो, तिथे तर ते खरंच जड जातं. पण या तक्रारीत एक गोष्ट नजरेआड होते. ती मला फार उशिरा, हे प्रकरण लिहायला घेतल्यावर दिसली.

आम्ही गावी गेलो, ते कोणाच्या जोरावर? पगारी रजेच्या. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा घ्या. ज्या आस्थापनेला तो लागू आहे तिथे तो वर्षाला ८ किरकोळ रजा देतो, ८ सणाच्या सुट्ट्या देतो, आणि वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा देतो. बेरीज केली तर निदान २८ दिवस घरी बसून पगार. ही रजा कष्टाने मिळवलेली आहे, कोणी उपकार केलेला नाही. पण मी त्या रजेवर गेले तेव्हा मे महिन्याचा माझा पूर्ण पगार एक तारखेला खात्यात जमा झाला होता. माझ्या साहेबांनी माझे खाडे कापले नाहीत. मी काकूंचे कापले. म्हणजे माझी पगारी रजा पुढच्या दारात जाऊन काकूंची बिनपगारी रजा झाली. तीही अर्धीमुर्धीच, कारण उरलेली पाच मुलं सकाळी आठला दारात होतीच.

खाड्यातली दुसरी गोम तर याहून मजेदार आहे. धुण्याभांड्याच्या बाई आल्या नाहीत तर खाडा बाईंचा. दूध आपण घेतलं नाही तर खाडा आपला. कोण आलं नाही, त्यावर कोणाचं काय वजा होणार ते ठरतं. घरगुती पाळणाघरात मात्र मूल आलं नाही तरी पैसे काकूंचे कापले जातात, आणि काकूच घरी नसल्या तरी पैसे काकूंचेच कापले जातात. दोन्ही बाजूंचा खाडा एकाच वहीत पडतो. याचं कारण ‘घरच्यासारखं’ या शब्दात आहे. काकू घरच्यासारखं सांभाळतात, म्हणून आपण त्यांच्याकडे मूल ठेवतो. आणि घरच्या माणसाशी कसला आलाय करार, म्हणून बोलणी करत नाही. पैशाचा विषय निघाला की आपण व्यवहारी होतो, काकू मात्र नात्यातच राहतात. भीड भिकेची बहीण, ही म्हण या धंद्यासाठीच घडवली असावी अशी शंका येते.

मे महिना वाटतो तितका एकरंगीही नसतो. दोन वर्षांचं पोर मामाच्या गावी जातं, पण त्याच पाळणाघरात शाळेनंतर चार तास येणारी पहिली-दुसरीतली मुलं शाळेला सुट्टी लागल्यामुळे दिवसभर येऊ लागतात. त्यांचे पैसे वाढायला हवेत. ते वाढवून मागताना काकू जितक्या संकोचतात, तितके आपण कापताना संकोचत नाही. भाद्रपदात तर अख्खी डोंबिवली, ठाणं, लालबाग-परळ गणपतीसाठी कोकणात उतरतं. कोणाचा दीड दिवसाचा, कोणाचा पाच, कोणाचा गौरीबरोबर जाणारा, कोणाचा थेट अनंत चतुर्दशीपर्यंतचा. त्या आठवड्यात काकूंकडे कधी दोन मुलं असतात, कधी एक. एका मुलासाठीही सकाळी साडेसातला उठून खिचडी टाकावीच लागते. हा सात-आठ दिवसांचा खाडा धरायचा की नाही, यावर जितकी घरं तितकी मतं. मला मेसचा नियम इथे शहाणपणाचा वाटतो: आठवडाभराचं जाणं-येणं धरायचंच नाही.

आणि मग आजी. नागपूरची किंवा सांगलीची आजी ‘दोन महिने राहते गं तुझ्याकडे’ म्हणून येते. घरात आनंद होतो, मूल घरी राहतं, आणि पाळणाघराला कळवायचं राहून जातं. महिनाअखेरीला फोन जातो, “काकू, आई आल्यात ना, म्हणून पाठवलं नाही.” काकू काय म्हणणार? आजी परत गेल्यावर, एका रविवारी रात्री नऊ वाजता, दुसरा फोन: “उद्यापासून पाठवते.” तोवर जागा दुसऱ्याला दिलेली असली तर काकू वाईट, आणि रिकामी ठेवलेली असली तर दोन महिन्यांचं नुकसान त्यांचं. मुलाच्या गैरहजेरीची जेवढी कारणं असतील त्यांत आजारपणाला माझी सगळ्यात जास्त सहानुभूती आहे आणि आजीला सगळ्यात कमी, निदान या एका हिशेबापुरती. आजीचं येणं ठरवून असतं. महिनाभर आधी सांगता येतं.

आजारपण खरंच अवघड. हात-पाय-तोंडाचे फोड किंवा कांजिण्या निघाल्या की काकू स्वतःच “बरं होईपर्यंत पाठवू नका” म्हणतात, आणि त्यांनी तसं म्हणायलाच हवं, नाहीतर आठवड्याभरात सहाच्या सहा पोरं आडवी होतील. पण मग ज्यांनी नको म्हटलं त्यांनीच पैसे कसे घ्यायचे? माझ्या मते घ्यावेत, चार-आठ दिवसांपुरते. तो नियम सगळ्याच मुलांना सारखा लागतो, आज माझ्या पोराला, उद्या शेजारच्या. मूल महिनाभर अंथरुणाला खिळलं तर मात्र अर्ध्यावर यावं. इस्पितळाचं बिल हातात असलेल्या बापाला पावती फाडून देणारं पाळणाघर कितीही नियमात बसलं तरी टिकत नाही.

कायदा या सगळ्यात कुठे आहे? जवळजवळ नाहीच. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांवर नेली, ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय सक्तीची केली, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. कागदावर उत्तम. पण सहा-आठ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन सकाळी सव्वाआठच्या फास्ट लोकलमध्ये शिरून दाखवा म्हणजे कळेल, की मुंबईत पाळणाघर ऑफिसजवळ नव्हे तर घराजवळ का लागतं. अंगणवाडी घराजवळ असते. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली ती पोषण, लसीकरण, शाळेआधीचं शिक्षण यांसाठी. संध्याकाळी साडेसातला परतणाऱ्या आईसाठी ती नव्हती. मधली मोकळी जागा काकूंनी भरली. स्वतःच्या बाहेरच्या खोलीत, स्वतःच्या सतरंजीवर.

एक गोष्ट मात्र कायद्यात जुनीच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तोंडी ठरलेला करारही करारच असतो. स्टॅम्प पेपर नसला म्हणून तो हवेत जात नाही. काकू जूनमध्ये “मेचे अर्धे घेते हं” म्हणाल्या आणि आपण मान हलवली, तर ठरलं. अडचण वेगळी आहे. दोन-अडीच हजारांसाठी कोर्टाची पायरी कोणी चढत नाही, आणि मान हलवल्याचं पुढच्या मेमध्ये दोघांपैकी एकालाच आठवतं.

बाहेरच्या देशांत हा गुंता सुटलाय असं नाही, पण तिथे तो आधी बोलून मांडतात. फ्रान्समध्ये स्वतःच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या परवानाधारक बाईला ‘आसिस्तांत मातेर्नेल’ म्हणतात, आणि पालक तिचे गिऱ्हाईक नसून मालक असतात. मूल ठेवण्याआधीच दोघं वर्षाचे आठवडे मोजायला बसतात. पालक आणि ती एकाच वेळी सुट्टी घेणार असतील तर ५२ आठवड्यांचा पगार बाराने भागायचा. आजोळ, शाळेच्या सुट्ट्या वगैरे धरून मूल समजा ४० च आठवडे येणार असेल, तर ४० आठवड्यांचा पगार बाराने भागायचा आणि रजेचे पैसे वेगळे. काहीही असो, दर महिन्याला आकडा तोच. ऑगस्टमध्ये सगळा देश समुद्रावर गेला तरी तोच. तिला स्वतःला महिन्यामागे अडीच दिवस, म्हणजे वर्षाला पाच आठवडे पगारी रजा मिळते. मूल थोडे दिवस आजारी पडलं तर डॉक्टरच्या दाखल्यावर, ठरावीक मर्यादेत, पैसे वजा होतात. आजी आली म्हणून होत नाहीत.

मला यातला बाराने भागण्याचा भाग फार आवडतो. आपण मे महिन्यात भांडतो, कारण खाड्याचा विचार मे महिन्यात करतो. जूनमध्येच ‘वर्षातले अकरा महिने, बारा हप्त्यांत’ असं ठरवलं तर मे येतो आणि जातो. वरच्याच आकड्यांत पाहा: ४,५०० चे अकरा महिने म्हणजे ४९,५००; बाराने भागले की महिन्याला ४,१२५. पालकांना एका महिन्याची सूट मिळालीच, आणि काकूंना मेमध्ये ताईंचा पगार द्यायला मंगळसूत्राकडे बघायला लागलं नाही.

ऑस्ट्रेलियातली तऱ्हा निराळी. तिथे मुलाच्या सांभाळाचा काही भाग सरकार भरतं, आणि मूल आलं नाही तरी एका आर्थिक वर्षात ४२ दिवसांपर्यंत सरकार आपला वाटा थांबवत नाही. सिडनी-मेलबर्नमधली मराठी कुटुंबं डिसेंबर-जानेवारीत भावाच्या लग्नाला पुण्याला येतात, तेव्हा आठवड्याला पाच दिवस जाणाऱ्या मुलाचे सहा आठवड्यांत ३० दिवस यातून जातात. उरलेल्या १२ दिवसांत वर्षभराच्या सर्दी-खोकल्याला पुरवावं लागतं. अमेरिकेत गरीब घरांतल्या मुलांसाठी सरकारी मदत मिळते, पण ती पूर्वी बऱ्याच ठिकाणी हजेरीवर मोजत. मूल आलं नाही की पैसे नाहीत, म्हणून सांभाळणाऱ्या बायका अशी मुलं घ्यायलाच कचरायच्या. २०१४ च्या कायद्याने राज्यांना सांगितलं की अधूनमधूनच्या गैरहजेरीचा पैशांशी संबंध ठेवू नका. पुढे २०१६ च्या नियमांत त्याचे पर्याय आले: ठरलेल्या वेळेच्या ८५ टक्के मूल आलं, किंवा महिन्यात पाच दिवसांपर्यंतच गैरहजर राहिलं, तरी पूर्ण पैसे द्या. ‘पाच दिवसांपर्यंत खाडा नाही’ हा मेसचाच नियम, वॉशिंग्टनमधून फिरून आलेला.

आपल्याकडे एवढं सरकार मध्ये यायची गरज नाही. पोस्टकार्डाएवढा कागद पुरे. त्यावर काय असावं हे मी पुढे काकूंबरोबरच बसून ठरवलं, आणि त्या बसण्यातच मला कळलं की माझ्या डोक्यात नसलेल्या किती गोष्टी त्यांच्या वहीत आधीच होत्या. उदाहरणार्थ, ‘महिना’ म्हणजे काय? एक घर १६ मेला गेलं आणि १४ जूनला परतलं. सलग ३० दिवस मूल नाही, पण ना मे पूर्ण गेला ना जून. नियमात ‘पूर्ण महिना गैरहजर’ असं असेल तर त्या घराला काहीच सूट नाही. ‘पंधरा दिवसांहून जास्त’ असं असेल तर मेमधल्या १६ दिवसांसाठी अर्धे आणि जूनमधल्या १४ दिवसांसाठी पूर्ण. एक दिवस उशिरा निघाले असते तर गणित बदललं असतं, आणि अशी तिकिटं काढणारे हुशार लोक आपल्यात आहेत. म्हणून ‘सलग ३० दिवस, कोणत्याही तारखेपासून’ असं लिहायचं, हे काकूंचंच म्हणणं.

आम्ही लिहिलेला कागद साधारण असा होता. पैसे दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत, आगाऊ. सात दिवसांपर्यंतच्या जाण्या-येण्याला वजावट नाही, कारण काहीही असो. पंधरा दिवस आधी सांगून सलग ३० दिवस मूल येणार नसेल तर त्या दिवसांचे अर्धे. त्याहून कमी असेल तर फक्त जेवणाचे वजा. न सांगता गेल्यास पूर्ण. दोन महिन्यांहून जास्त जाणार असाल तर जागा धरून ठेवायची की सोडायची हे जातानाच सांगायचं. कायमचं काढायचं असेल तर एक महिना आधी. दिवाळीचे चार दिवस, गणपतीचा पहिला आणि विसर्जनाचा दिवस पाळणाघर बंद, पैसे पूर्ण.

इथवर काकूंनी भराभर सांगितलं. मग मी विचारलं, “आणि तुमची रजा?”

“माझी कसली रजा?”

त्यांची लेक दोन वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणाला आली होती, तेव्हा त्यांनी सव्वा महिना पाळणाघर बंद ठेवलं होतं. कोणाकडून एक पैसा घेतला नाही आणि घ्यावा असं त्यांच्या मनातही आलं नाही. उलट दोन घरांना तेवढ्या दिवसांसाठी दुसरी सोय त्यांनीच लावून दिली. सव्वा महिना हा लांबचा मामला. त्याचे पैसे पालकांनी द्यावेत असं मीही म्हणणार नाही, कारण त्यांना तेव्हा दुसरीकडे भरावेच लागतात. पण वर्षाकाठी काही दिवस तरी, आधी तारखा कळवून, पैशांसकट? पालकांच्या खिशाचा विचार केला तर हे दुहेरी ओझं आहे, हे खरं. त्यावर उतारा एकच: त्या तारखा अशा निवडायच्या की निम्मी घरं तसंही गावीच असतील. फ्रान्समधले पालक आणि बाई एकाच वेळी सुट्टी घेतात, त्यामागची युक्ती हीच. आम्ही बारा दिवस लिहिले, मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून. काकूंनी त्या ओळीपुढे कंसात ‘चालत असेल तर’ असं लिहिलं. मी ते खोडलं. त्यांनी पुन्हा लिहिलं.

आता ते पाळणाघर त्यांच्या सूनबाई चालवतात. कागद व्हॉट्सॲपवर आला, ओळी त्याच आहेत, ‘चालत असेल तर’ मात्र गेलं. यंदा एप्रिलमध्ये त्यांनी सगळ्या पालकांना तो पाठवला, खाली बारा दिवसांच्या तारखा घालून. अर्ध्या तासात एका बाबांचा प्रश्न आला: “ताई, या बारा दिवसांचे खाडे कधी वळते होणार?”

सूनबाईंनी तोच कागद पुन्हा पाठवला.